सहा नंबरचा तक्ता

१९५२ साली मी कल्याणला एका धर्मादाय प्रसूतिगृहात नर्स होते. आठ लोखंडी खाटा, खिडकीबाहेर शेवगा, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता. माझ्या नऊची शेपटी फार लांब येई. मोठ्या सिस्टर रखमाबाई म्हणायच्या, "अगं, हा नऊ आहे की वानर?"

सहा नंबरवर ठमाबाई होती, कळव्याकडच्या मिठागरातली. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. ताप एकशे चार. अंगावरून जात होतं त्याला वास येत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, पेनिसिलिन द्यायला हवं.

"दूध चढलंय तिला, त्याचा ताप आहे. डॉक्टर तुम्ही की मी?" ते म्हणाले. "उद्या ट्रस्टी यायचेत. नव्व्याण्णव लिहा."

ठमाबाईने माझं मनगट धरलं. "बाय, आंग जलतंय माजा. तू सांग ना त्याला."

मी सांगितलं होतं, एकदा. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. नव्व्याण्णव लिहिलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. तक्त्यावर ताप नव्हताच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या खाटेवर मालन नावाची बाळंतीण आली. अंग तव्यासारखं तापलेलं, थर्मामीटरमध्ये मात्र नव्व्याण्णव. झटकून पुन्हा लावला. नव्व्याण्णव. तोच थर्मामीटर पाच नंबरला बरोबर चाले. मी तीन बदलले. खाट हलवली, गादी उन्हात टाकली. तिथे कुणीही झोपो, पारा तेवढ्यावरच थांबायचा.

मग मी पालथ्या हाताने ताप बघायला लागले आणि एकेकीसाठी डॉक्टरांशी भांडले. भांडखोर बाई हे नाव मला तिथेच पडलं. मालन वाचली. आणखीही बऱ्याच जणी वाचल्या. त्यांची नावं आता आठवत नाहीत.

हल्ली मी डोंबिवलीत मुलाकडे असते. परवापासून अंगाची आग होतेय, दात वाजतात. सकाळी सुनेने, रतनने, तिचा नवा थर्मामीटर लावला.

"नव्व्याण्णव. काही नाही आई, पडून राहा."

"कपाळाला हात लावून बघ गं जरा."

"मशीन खोटं बोलेल का?" ती हसली. समोरच्या कॅलेंडरवर आकडा टिपला आणि स्वयंपाकघरात गेली.

पलंगावरून मला ते कॅलेंडर दिसतं.

दोन्ही नऊंच्या शेपट्या खालच्या तारखेपर्यंत उतरल्या आहेत.