हबवरची रेघ

आम्हाला मागचा एक्सल हवा होता. आमच्या फिरत्या दवाखान्याची जीप डोंगराच्या चढावर मोडून पडली होती. नवा एक्सल यायला महिना लागणार होता आणि वरच्या वस्त्यांवरची माणसं औषधांसाठी आमची वाट बघत होती. म्हणून आम्ही दोघं संध्याकाळी मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये जुना एक्सल बघायला गेलो. त्यांच्याकडचे दोन बघितले, दोन्ही जुळेनात. तेवढ्यात अंधार पडला, आणि अंधाराला सोबत म्हणून की काय, वीजही गेली. बॅटरीच्या दिव्यात मागच्या भिंतीशी पत्र्याखाली तिसरा दिसला. लाकडी ठोकळ्यांवर नीट ठेवलेला. चाकं जिथं बसतात ते दोन्ही हब मोकळे, गंजाचा ठिपका नाही.

"हा?" मी विचारलं.

"तो नाही."

माझ्या मित्रानं तोवर त्याच्या डाव्या हबवर, बरोबर वरच्या बाजूला, खडूची रेघ ओढलीसुद्धा होती. एक्सलचे फेरे मोजायचे तर आधी अशी खूण करून घेतात. काकांनी ती पाहिली, पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मारलीच आहेस तर राहू दे. आता त्याला कुणी हात लावू नका. इकडे या, बाकड्यावर बसा. घाई आहे ना तुम्हाला? घाईतल्याच माणसानं नेला होता तो. त्याचं ऐका, मग काय ते ठरवा."

दिवा त्यांनी स्वतःच्या पायाशी ठेवला. मागची भिंत अंधारात गेली. मग ते सांगू लागले.

माझा एक दोस्त होता पोरांनो. जीप चालवायचा. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला सावकाश म्हणायचे. गाडीत चढणाऱ्याला म्हणणार 'सावकाश', उतरणाऱ्याला म्हणणार 'सावकाश', आणि चालवायचाही तसाच. आम्ही म्हणायचो, याला गोगलगायसुद्धा हॉर्न देऊन पुढे जाते. पण वस्तीवरून खाली जायचं तर ओढा ओलांडावा लागायचा, पुढं दगडगोट्यांची वाट, आणि त्या वाटेवर चालणारी त्याचीच एक जीप होती. त्यामुळे चेष्टा करणारेही शेवटी त्याच्याच गाडीत बसायचे.

वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. शहरात नेऊन मशीनवर रक्त साफ करून आणायचं, परत काही दिवसांनी न्यायचं, असं चाललेलं. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही शिकून आलेले. मशीनची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं. आधी पाय, मग छाती. आडवं होता येत नाही. कोरड्या घरात, उशीला टेकून बसल्या बसल्या माणूस बुडायला लागतं.

एक पाळी चुकलेली होती. दरड पडून वाट बंद होती. वाट मोकळी झाली, तर यानं घाईघाईत गाडी काढली आणि घरासमोरच्या चढावर मागचा एक्सल आतून फुटला. आयुष्यात एकदा घाई केली बिचाऱ्यानं. नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार होता तो. पुढची पाळी बुधवारी पहाटे सहाची. रुग्णवाहिकेला फोन केला तर म्हणाले, तो रस्ता आमच्या गाडीचा नाही, खालच्या सडकेपर्यंत तुम्ही आणा. माझ्याकडे टेम्पो होता, पण तो ओढ्यात शिरला असता तर तिथंच राहिला असता.

रात्री साडेनवाला तो माझ्या दारात उभा. शर्टाची बटणं वरखाली लावलेली. मी टेम्पोची किल्ली घेतली आणि आम्ही जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो.

यार्ड ओढ्याच्या आमच्याच अंगाला, एका मावशीचं होतं. नवऱ्यामागं तिनं एकटीनं चालवलेलं. गॅसकटरनं लोखंड कापायची, आणि जिभेनं माणसं. फाटकाच्या आतूनच म्हणाली, रात्री भंगार बघायला येणारा एकतर चोर असतो नाहीतर अडलेला, तुम्ही कोण? मी म्हटलं, अडलेले. तिनं फाटक उघडलं.

पहिला एक्सल बघितला. मधलं तोंड, जिथं इंजिनाकडून येणारा दांडा जोडतात ते, हातानं फिरवायचं आणि हबचा एक वेढा होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजायचं. पुढच्या एक्सलला जितके, तितकेच मागच्याला हवेत. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा एक म्हणतो आणि मागचा दुसरं, तर नवराबायकोच्या भांडणात पोराचं होतं तसं गिअरबॉक्सचं होतं. तो जुळला नाही. दुसरा जुळला, पण तळाचं बूच काढलं तर तेलात चांदीसारखा चुरा. आतले दात संपलेले.

तिसरा मागच्या भिंतीशी होता. हाच.

फेरे जुळले. तेल स्वच्छ. मग शेवटची परीक्षा. मी मधलं तोंड दाबून धरलं. सावकाशनं एका बाजूचा हब फिरवला. एक पुढं फिरवला की पलीकडचा मागं फिरतो, ही एक्सलची रीतच आहे. फिरला. कुरकुर नाही, खडखड नाही. सावकाशनं हात काढला.

हब थांबायला हवे होते.

एक वेढा झाला. मग आणखी एक. मग थांबले.

"लोण्यासारखं बेअरिंग आहे," सावकाश म्हणाला. मीही मान हलवली. अडलेल्या माणसाला हवं तेच दिसतं, आणि मिस्त्रीला सगळीकडे बेअरिंगच दिसतं.

मावशी दिवा धरून उभी होती. म्हणाली, "तो आख्खा देत नाही मी."

तिच्या यार्डाचा एक नियम होता. ज्या गाडीतून चालवणारा जिवंत बाहेर आला नाही, तिचा एक्सल आख्खा विकायचा नाही. फोडायचा. दात एकाला, दांडे दुसऱ्याला, बाहेरचं खोकं तिसऱ्याला. हा फोडायचा राहिला होता. मी हसलो असेन थोडा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हस. सुटे भाग मुके असतात रे. आख्ख्या एक्सलला वाट आठवते."

मग तिनं सांगितलं. तो माणूस आईला घेऊन निघाला होता. आईला धाप लागलेली. जुन्या रस्त्यानं गेला, लवकर पोचायचं म्हणून. वळणावर रस्ता खचला. दोघंही...

सावकाशनं सगळं ऐकून घेतलं. उद्या उजेडी फोडून देते, त्यातले दात तुझ्या खोक्यात बसव, असं ती सांगत होती. त्या कामाला अख्खा दिवस जातो, हे तिलाही माहीत होतं. तो खाली बसला. त्या एक्सलवर दोन्ही हात ठेवून बसला, पोराला धरतात तसा.

"मावशी, ती आता बसून श्वास घेते," तो म्हणाला. "उद्या तेवढाही घेणार नाही."

तिनं एकदा त्याच्या हातांकडे बघितलं. मग दिवा माझ्या हातात दिला आणि दुसरं टोक उचलायला स्वतः वाकली. टेम्पोत चढवताना एवढंच म्हणाली, "जायला वापर. परत येताना याच्यावर येऊ नकोस. याला जाणंच माहीत आहे."

त्याच्या अंगणात आम्ही तो बसवला. आतून वहिनींचा श्वास ऐकू येत होता. घशात पाणी उकळल्यासारखा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो, नट आवळत होतो. अडीचच्या सुमाराला चाकं चढवली. वहिनींना मागच्या बाकावर उशांना टेकवून बसवलं. एक्सलचं त्यांना काही सांगितलं नाही. माझा भार कशाला, म्हणून मी मागं थांबलो.

पुढचं मी बघितलेलं नाही. त्यानं सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी विचारलं तर विषय बदलायचा.

ओढा सहज पार झाला. गाडी अशी कधी चालली नव्हती, म्हणाला. पुढं फाटा लागतो. डावीकडं नवा रस्ता, डोंगराला वळसा घालून. उजवीकडं जुना. निम्म्या वेळात शहर. तो अपघात झाल्यावर त्यावर भराव टाकला होता, दिवसा लोक बिनधास्त जायचे. सावकाश मात्र कधी जायचा नाही.

फाट्याशी आल्यावर वहिनींची मान कलली. त्यानं हाक मारली. उत्तर नाही. श्वास चालू होता, पण मध्ये मध्ये थांबत होता. आता येतो... आता येतो... मग यायचा.

त्यानं गाडी उजवीकडं घातली.

पुढची चाकं वळली. मागची फिरली नाहीत. अडली. इंजिन बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा उजवीकडं. पुन्हा अडली.

दगड असेल म्हणून उतरला. टॉर्च मारला. दगड नव्हता. चाकापुढं सपाट माती. हबला हात लावून बघितला. इतकी ओढलेली गाडी, हब तापलेला हवा. गार होता. ओढ्यातल्या धोंड्यासारखा गार.

परत बसला. सगळ्यात खालचा गिअर टाकला. पाय दाबला. पुढची चाकं माती उकरत राहिली. मागची जागच्या जागी.

तेव्हा त्याचा बांध फुटला. उतरून त्यानं चाकाला लाथा घातल्या. शिव्या दिल्या. मग चाकासमोर गुडघे टेकून हात जोडले. "सोड रे," म्हणाला. "पाया पडतो, सोड. तुझी पोचली नाही म्हणून माझी..."

कपाळ चाकाला टेकलं.

सगळं शांत. आणि गाडीतून वहिनींचा आवाज आला. अगदी बारीक.

"अहो... त्यांना नको आहे तो रस्ता."

"कुणाला?"

वहिनींनी मान जरा वर केली.

"कुणाला ग?"

त्या बघत होत्या, म्हणाला. त्याच्याकडे नाही. चालकाच्या रिकाम्या जागेकडं.

तो तसाच उठला. त्या जागेवर बसायला त्याला... जाऊ दे. बसला. स्टिअरिंग डावीकडं घेतलं. चावी फिरवायच्या आत गाडी हलली.

पुढचा रस्ता त्याला आठवत नव्हता. एवढंच आठवत होतं की उतार नव्हता, आणि पाय उचललेला होता, आणि गाडी धावत होती. जन्मभर सावकाश म्हणणारा माणूस. त्या रात्री एकदाही म्हणाला नाही.

दवाखान्याच्या दाराशी गाडी आपोआप उभी राहिली. आतून माणसं धावत आली. वहिनींना मशीनवर घेतलं. दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? घराला कुलूप लावलं का.

वाचल्या. पुढं बरीच वर्षं होत्या. मला बघितलं की म्हणायच्या, भावजी, तुमचे नट घट्ट होते हो.

सकाळी उजाडल्यावर कळलं, जुन्या रस्त्याचं ते वळण रात्रीच खाली गेलं होतं. भरावासकट. किती वाजता, कुणालाच माहीत नाही. त्या रात्री तिकडून कुणी गेलंच नव्हतं.

मावशीचं म्हणणं आम्ही पाळलं. दुसरा एक्सल मिळेपर्यंत जीप शहरातच ठेवली, मी तिथं जाऊन बदलला. हा घेऊन यार्डात गेलो तर मावशी म्हणाली, परत घेणार नाही, फोडून टाक. पाने-पक्कड घेऊन बसलो मी. दोनदा बसलो. पण ज्यानं आपल्या माणसाला पोचवलं त्याला फोडायचं कसं? नाही झालं. मग इथं ठोकळ्यांवर ठेवला. म्हटलं, स्वतःच्या आईला नाही, पण एका बाईला तरी नेलं ना शहरापर्यंत. पोचला एकदाचा. आता थांबेल.

काका बोलायचे थांबले. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. आम्ही बाकड्यावरून हललो नव्हतो. काकाही हलले नव्हते. मागच्या भिंतीकडे जायला आमच्या समोरूनच जावं लागतं.

"थांबला?" मित्रानं विचारलं.

काकांनी पायाशी ठेवलेला दिवा उचलून त्याच्या हातात दिला.

आम्ही दोघं मागं गेलो. ठोकळे जागेवर होते. मधलं तोंड जागेवर होतं. डावा हब निश्चल होता, पण वर रेघ नव्हती. मित्रानं वाकून दिवा जवळ नेला, मग आणखी खाली नेला, अगदी जमिनीलगत.

रेघ तिथं होती.