पाचव्या फ्रेटच्या पुढे

दुकानाच्या दारात तिची गिटारची पिशवी अडकली, आणि ती सोडवायला आतून जो धावला त्याच्या हनुवटीवर नेमका पिशवीचा कोपरा बसला. पहिली भेट झाली ती अशी. ती माफी मागत राहिली, तो हनुवटी चोळत राहिला.

"बेस गिटार दिसतेय," तो म्हणाला. "वजनाला जड... माराला त्याहून जड."

तिला हसू आलं, पण ओठांशीच थिजलं. शनिवारी चार वाजता बँडमध्ये निवडीची चाचणी. मागच्या खेपेला तारेवरून बोट सरकताना करकर झाली, कुणीतरी फिसकन हसलं, आणि ती गिटार उचलून तडक घरी निघून आली होती. बँड चालवणाऱ्या ताईंनी आणखी एक संधी दिली होती. यानंतर नाही, हेही बजावलं होतं. घरी दादा म्हणायचा, आपल्याकडच्या उंदरालासुद्धा तुझ्यापेक्षा मोठा आवाज आहे.

"आवाज न होणाऱ्या तारा द्या," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं, आपण काय मागितलं ते.

तो मात्र हसला नाही. दुकानात तारा बसवण्याचं काम त्याचंच. त्याने फ्लॅटवाउंड तारांचं पाकीट काढलं. यांची गुंडाळी सपाट, बोट सरकलं तरी कुरकुर नाही, सूर मऊ आणि गोल, असं सांगितलं. मग राउंडवाउंड दाखवल्या. हाताला खरखरीत, पण सूर उजळ, गर्दीतूनही ओळखू येणारा. बोटांनी वाजवता की पिकच्या पत्तीने, जोरात की हळुवार, बँड कसली गाणी वाजवतो... तो विचारत गेला, ती मान खाली घालून अर्धीमुर्धी उत्तरं देत गेली. जरा वाजवून दाखवा म्हटल्यावर तर तिने गिटार त्याच्याच हातात दिली.

मग त्याने आग्रह सोडला. जुन्या तारा उतरवल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या आणि पोथी वाचावी तशा शांतपणे वाचल्या.

"पाचव्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत झिजल्यात. पुढे कोऱ्याच्या कोऱ्या. तिकडे कधी गेलाच नाहीत?"

"तिकडचे सूर... लोकांना ऐकू येतात."

"म्हणजे तारा वाजवायला हव्यात, की लपायला?"

तिचे डोळे भरून आले. तो इतका घाबरला, की पाकीट हातातून पडलं. चुकलो, म्हणाला, चार वर्षं झाली, मीही माणसांसमोर वाजवलेलं नाही, मला कुठला अधिकार! मग त्याने निकलच्या, बारीक राउंडवाउंड तारा चढवल्या. तुमचा हात हलका आहे, स्टीलच्या बोचतील, एवढंच पुटपुटला.

"आणि करकर झाली तर?"

"करकर कशाने होते? बोट भिऊन तार सोडत नाही म्हणून. थोडं उचला... मग सरका."

"आणि तरीही झाली तर?"

"तर मी मागे उभा राहून खोकतो," तो गंभीरपणे म्हणाला. "चांगला मोठ्यांदा."

शनिवारी तो खरंच चाचणीला आला. दाराशी उभा, मूठ तोंडाशी धरून तयार. मनात देवाचं नाव घेत तिने सुरुवात केली. पाचव्या फ्रेटपाशी बोट अडखळलं. तिने ते जरासं उचललं आणि बाराव्यापर्यंत नेलं... वाटेत करकर झालीच. सगळ्यांना ऐकू आली.

कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही. ती वाजवत राहिली.

ताईंनी सोमवारपासून सरावाला ये म्हटलं, तेव्हा कुठे तिचे हात थांबले. जिन्यात तो उभा होता.

"खोकलात का नाही?"

"ऐकत होतो... विसरलो."

"मग चेहरा असा का?"

तो कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. "भीती वाटली. तुमचं काम झालं. या तारा सहा महिने चालतील. तोवर तुम्ही दुकानात कशाला याल?"

तिला पळून जावंसं वाटलं. पण तिने बोट थोडं उचललं होतं ना, मघाशीच.

"रोज वाजवीन मी, बाराव्या फ्रेटपर्यंत," ती म्हणाली. "किती झिजल्या... ते तू रोज वाचायला ये."