खड्ड्यातली टकटक

हसू नका रे. माझ्या साडूच्या जिवावर बेतलेलं आहे, त्याच्याच तोंडून ऐकलंय.

तो कचऱ्याच्या डोंगराखाली इंजिन चालवायचा. कचरा आत कुजतो, त्याचा गॅस होतो. तो पाइपांनी ओढायचा, इंजिनाला पाजायचा, की खालच्या वस्तीत दिवे. त्याच वस्तीत त्याची आई, श्वासाच्या मशीनवर. मशीनची बॅटरी कधीच गेलेली.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार, रात्रीचे दोन. गॅसचा दाब उतरायला लागला. दिवे मिणमिणले. त्याने ओळखलं, जुन्या खड्ड्यातल्या पाइपात पाणी साचलंय. आत उतरून झडपेचं चाक फिरवलं की ते निघून जातं. पाच मिनिटांचं काम.

पण एकट्याने उतरायचं नाही, हा तिथला नियम. एक आत, एक वर. गॅसपाशी फोन न्यायला बंदी, म्हणून पाइपावर पान्ह्याने ठोकायचं. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक. एकसारखी टकटक म्हणजे गॅस आहे, पळ! हा नियम मोडूनच चारबोट्या मिस्त्री त्या खड्ड्यात गुदमरून गेला होता, वर्षही झालं नव्हतं. करंगळी नव्हती म्हणून चारबोट्या. माणूस मात्र लाखात एक. साडूला काम त्यानेच शिकवलं.

जोडीदार त्या रात्री आलाच नव्हता. साडू म्हणाला, "नियम गेला चुलीत, तिकडे आईचा जीव टांगणीला लागलाय." झाकण उघडलं. शिडीवर पाय ठेवला. सवयीने पाइपावर दोन ठोके दिले.

टक... टक.

खालून.

तू काय जवळ सरकतोस रे? आत्ताच हसत होतास ना?

"कोण आहे?" साडूने विचारलं.

...

तरी एक पायरी उतरला. आईसाठी.

टकटकटकटकटक...

कसा वर आला, त्यालाच ठाऊक. गॅसचा मीटर दोरीला बांधून आत सोडला. मीटर किंचाळायलाच लागला. झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि पळाला इंजिनघराकडे. "आई गं, माफ कर मला..." ढसाढसा रडत.

पोचला, तर दाबाचा काटा वर चढत होता. खाली वस्तीभर लख्ख दिवे.

सकाळी चौघे जमले. बोल्ट जसेच्या तसे. पंख्याने खड्ड्यात वारा सोडला, मग साडू उतरला. पाणी निघून गेलेलं. चाक पूर्ण फिरवलेलं.

चाकावर चिखलाने माखलेल्या हाताचा ठसा. अजून ओला.

करंगळी सोडून.