दोघांच्या मापाची गाडी

वहिनीनं किल्ली हातात दिली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, रिकामी करून, धुऊन आणा. उद्या सकाळी ते नवरा-बायको गाडी विकत न्यायला येणार आहेत."

धाकट्यानं मान हलवली. पण नळावर तो गेलाच नाही. गाडी घेऊन थेट तलावाच्या काठी आला. दादाबरोबर मुक्काम असायचा तो तिथंच.

गाडी म्हणजे लहानसं मोटरहोम. मागे दोन माणसांचा बिछाना, पुढे शेगडी, आणि मधली वाट अशी, की एकानं पोट आत घेतल्याशिवाय दुसरा पलीकडे जाणार नाही. घेताना दादाचा डोळा मोठ्या गाडीवर होता. धाकट्यानंच हट्ट धरला, घ्यायची तर हीच. दादा सुतार. आत टेप लावून म्हणाला, "लेका, यात कूस बदलायची तर शेजारच्याला उठवून विचारावं लागेल."

"मग विचारत जा की!"

किती हसले होते दोघं! त्याला वर्षही झालं नव्हतं. आणि दादाला जाऊन दोन महिने झाले होते.

काठावरची जमीन उतरती. डाव्या चाकाखाली घालायला दादानं एक लाकडी पाचर केली होती, तिच्यावर पेन्सिलीची खूण. चाक इथवर चढवायचं. धाकटा अंगानं दांडगा, तो डावीकडे झोपायचा. दादा काटकुळा, उजवीकडे. दोघं आडवे झाले की उशाजवळच्या, सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये यायचा. तो आला की मगच दादा डोळे मिटायचा.

सवयीनं त्यानं चाक खुणेपर्यंत चढवलं. ऊन कलत होतं. दादाचे कपडे, दादाचा चहाचा मग, कशालाच हात लावायचा धीर होईना. म्हणून तो आपल्या बाजूला जरा पडला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. खूण दोघांच्या वजनाची होती. तो तर एकटा. गाडी डावीकडे कलायला हवी होती.

बुडबुडा मध्ये होता. तसूभरही इकडे-तिकडे नाही.

त्याला भीती वाटली नाही.

"दादा?"

उजवीकडची फळी करकरली, कुणी कूस बदलावी तशी. नुकत्या रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला.

त्यानं पडल्यापडल्याच फोन लावला. "वहिनी, त्यांना येऊ नका म्हणावं."

"अहो, शब्द दिलाय मी. काय झालं?"

"गाडीत जागा नाही."

वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "घरी या बरं, भाऊजी..."

त्यानं फोन बाजूला ठेवला. बुडबुडा हलला होता. सावकाश, पण थेट त्याच्याच दिशेनं येत होता. पलीकडची बाजू खाली दबत चालली होती, आणि तो स्वतः वर उचलला जात होता. शेवटी शेवटी दादाला त्यानं एकट्यानं उचलून खाटेवरून खुर्चीत बसवलं होतं. लहान मुलासारखा हलका लागला होता. दादा एवढा जड कधीच नव्हता.

"दादा... तूच ना रे?"

तलावाचं पाणी तेवढं काठाला लागत होतं.

"थोडा... सरक की..."

ते सरकलं. पण त्याच्या बाजूला.

दार हाताच्या अंतरावर होतं. बाहेर अजून उजेड होता. उठला असता तर सुटला असता. मग सकाळी गाडी गेली असती, आणि हे शेजारचं ओझंही. त्यानं पाठ भिंतीला टेकवली आणि जागा करून दिली.

पायांच्या बाजूला खिडकीची एक छोटी काच होती. आतून कुणी श्वास सोडावा तशी तिच्यावर वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. तिकडे तर नेहमी दोघांचे पाय असायचे.

धाकटा त्या काचेकडे बघत राहिला. मग त्यानं अर्धं पांघरूण पलीकडे सरकवलं.