कापून टाकलेली बाजू

तनय, शिवलीलाचा तो फोटो स्वल्प खाली ठेव. तू आता काय बोलणार ते मला तुझ्या तोंडावर दिसतंय. बोल, जरूर बोल, त्यासाठीच आपण महिन्यातून एकदा जमतो. पण आधी एक गोष्ट ऐका. चहा घ्या सगळे, आणि गच्चीवरचा तो मोठा दिवा बंद करा. नाही रे, तुम्हाला घाबरवायला नाही. डास येतात.

ही गोष्ट जयसिंगरावांची. तुम्ही पोरांनी त्यांना पाहिलेलं नाही, कारण ते आता आपल्या फोटोग्राफीच्या मंडळात येत नाहीत. मला त्यांनी माझ्या घरी बसून सांगितलं, मान खाली घालून. जयसिंगरावांना मान खाली घालताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

कार्तिकातला शुक्रवार होता. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. अमावस्या वगैरे काही नाही, चांगलं चांदणं पडलेलं. दिवेलागण झाली आणि जयसिंगराव आपल्या इथल्या, राजाजीनगरच्या सभागृहाची किल्ली घेऊन घरातून निघाले. बायकोला म्हणाले, जेवायला येतो, भाकरी गरमच ठेव. काम साधं होतं. कागदाची एक पट्टी शोधायची होती.

कसली पट्टी, ते सांगतो.

आपल्या मंडळाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्रिंट नाव न घालता दोरीला लावायची. मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं, आणि ज्याचा फोटो त्यानं सगळ्यांचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ही रीत जयसिंगरावांनीच घातली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, घरात पैशापेक्षा लेन्स जास्त. नजर अशी की फोटोत नाकाखाली सावली कुठं पडली ते सांगून दिवा कुठं ठेवला होता ते ओळखायचे. जीभही तशीच. त्यांच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे दोन कोन असायचे, इंग्रजी एलसारखे. ते प्रिंटवर ठेवून, पुढंमागं सरकवून दाखवायचे, एवढं ठेवा, बाकीचं नको. आणि फारच रंगात आले तर कपाटातलं कागद कापायचं यंत्र काढून तिथंच कापून टाकायचे. लोक रागवत नसत. जयसिंगरावांनी माझी प्रिंट कापली, असं उलट मिरवायचे.

दसऱ्यानंतरच्या बैठकीला दोरीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. खिडकीशी बसलेली, निळं लुगडं, डोक्यावर पदर नाही. दोन्ही हात एकावर एक, एका गुडघ्यावर. वरच्या हाताच्या बोटात तांब्याची साधी अंगठी. आणि चेहरा सरळ कॅमेऱ्याकडं. अर्धा चेहरा सावळा, आणि उरलेला अर्धा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पांढरा.

जयसिंगराव बराच वेळ बघत राहिले. नंतर ते मला म्हणाले, हणमंतराव, खरं सांगू का, त्या दोरीवर तोच एक फोटो होता, बाकी सगळे नुसते कागद होते, आणि मला ते बघताक्षणी कळलं होतं. असा फोटो त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. मग त्यात काय चुकलंय ते ते शोधायला लागले.

त्यांनी पिशवीतून काळे कोन काढले.

"ही बाजू बघा," ते म्हणाले. "जळालीय. प्रकाश सांभाळता आला नाही की असं होतं, गालाच्या जागी कोरा कागद उरतो. इथं चेहराच नाही. मग काय करायचं?"

दोघंतिघं हसत म्हणाले, कापायचं. त्यांनी यंत्र काढलं, प्रिंट ठेवली, पातं खाली ओढलं. नाकाच्या कडेनं सरळ. पांढऱ्या गालाची पट्टी कचऱ्याच्या डब्यात पडली. उरलेला भाग त्यांनी वर धरला. सावळी बाजू, एक डोळा, गुडघ्यावरचे हात. आता फोटो झाला, असं म्हणाले.

मग रीतीप्रमाणं विचारलं, ज्याचा फोटो त्यानं आता बोलावं. दयानंद उठला. चामराजपेटचा, तेव्हा वर्षभरही झालं नसेल त्याला कॅमेरा घेऊन. तो म्हणाला, "मला काही बोलायचं नाही, सर." आणि तो मागं बघायला लागला. म्हणून आम्हीही मागं बघितलं.

शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. निळं लुगडं. ती त्याची आई, गोजराबाई. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर कोड होतं. पदर ओढून तिनं गाल झाकला, उठली आणि जिन्यानं खाली गेली.

कुणाला तोंड वर करवेना. जयसिंगरावांनी तरी तिच्यामागं जायला हवं होतं. ते गेले नाहीत. यंत्र पुसून कपाटात ठेवत बसले. ते किती वेळ पुसत होते ते मी बघत होतो. नंतर खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या आणि सगळे मुकाट्यानं घरी गेले.

दयानंदनं त्याच रात्री कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं केलं. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. आणि दिवाळी झाली तशी गोजराबाई गेली. झोपेतच. दुखणं नव्हतं काही.

आता बाराव्याला भिंतीवर फोटो हवा. तर घरात फोटोच नाही. आधार कार्डावरचा होता, पण तो तुमचा-माझा कुणाचाही वाटेल असा असतो. लग्नाकार्यातले होते, त्यात सगळीकडं पदर गालावर. जन्मभर फोटो काढणारे तिला सांगायचे, अक्का, स्वल्प त्या बाजूला वळा. दयानंदनं कॅमेरा आणला तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "माझा एक काढ. आहे तसा." जन्मात एकदा तिनं उघडा चेहरा कॅमेऱ्यापुढं धरला, आणि लोक काय म्हणतात ते ऐकायला हौसेनं आमच्या बैठकीला आली.

दयानंदची बायको दिव्यश्री, तिनं जयसिंगरावांना फोन केला. नवऱ्याला न सांगता. कापलेली प्रिंट महिनाभर टीका करणाऱ्याकडं राहते, हीही आपली रीतच. दिव्यश्री रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, सर, तुमच्याकडं अर्धी आई आहे, उरलेली कुठं आहे तेवढं सांगा.

ती पट्टी शोधायला जयसिंगराव निघाले होते.

सभागृहाचा रखवालदार नागराज खाली बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, बैठक झाली की वरचे डबे मी रिकामे करतो सर, तिथं काही नसणार. हे जयसिंगरावांनाही कळत होतं. तरी घरी बसवेना, म्हणून ते वर गेले. दिवे लावले. खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. कपाट उघडून यंत्राच्या खाली बघितलं, मागं बघितलं. डबा उपडा केला. काही नाही. ते गुडघ्यावर बसून कपाटाखाली हात घालत होते, तेवढ्यात करंट गेला.

आपल्याकडं करंट जातोच. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला. उठले. दाराकडं जायला वळले.

शेवटच्या रांगेच्या जागी एक खुर्ची उघडी होती.

एकच. कडेची.

त्यांना वाटलं, मघाशी नीट बघितलं नसेल. ते पुढं झाले. टॉर्चचा उजेड फरशीवरून सरकत खुर्चीच्या पायांपाशी गेला. तिथं निळं लुगडं होतं.

उजेड थोडा वर गेला. गुडघा. गुडघ्यावर दोन हात, एकावर एक. बोटात तांब्याची अंगठी.

त्याच्या वर उजेड गेला नाही. त्यांनी नेला नाही. हणमंतराव, मला म्हणाले, मी भुताला भ्यालो नाही. त्या गालाकडं बघायची मला लाज वाटत होती.

खाली रस्त्यावर बस गेली. मग तिचाही आवाज नाही.

ती काही बोलेना. हलेना. नुसती बसलेली. आणि त्यांच्या ध्यानात आलं... ती रीत पाळत होती. ज्याचा फोटो, त्यानं सगळ्यांचं संपेपर्यंत गप्प बसायचं. जयसिंगरावांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ती त्यांच्यासाठी थांबली होती.

म्हणजे आता त्यांनी बोलायचं होतं.

पोरांनो, इथं तुम्ही काय बोलला असता? मी पुष्कळदा विचार केलाय. एकच वाक्य लागत होतं. तुमचा फोटो चांगला आहे. खरंही होतं ते, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जयसिंगराव म्हणाले, "मला... मला कळलं नाही, अक्का. मला वाटलं फोटोतली चूक आहे. तो डाग खरा आहे हे माहीत असतं, तर मी काही बोललोच नसतो."



आपण काय बोललो, ते त्यांना तिच्या गप्प बसण्यात ऐकू आलं. डाग म्हणालो. माहीत असतं तर गप्प बसलो असतो, म्हणालो. म्हणजे इतकी वर्षं सगळे जसे गप्प बसत आले तसाच. माफी मागायला गेले आणि पुन्हा तेच करून बसले. दुसरं वाक्य जिभेवर आलं होतं. चांगला आहे... एवढंच. पण तोंड उघडेना.

वर, उजेडाच्या बाहेर, कापड सरकलं. पदर ओढल्याचा आवाज... सावकाश.

ते हातांकडं बघत होते. हात गुडघ्यावरच होते. एकावर एक. हलले नव्हते.

करंट आला.

खुर्ची रिकामी. तिच्यावर एक कागदाची पट्टी, पालथी. मागं त्यांच्याच पेन्सिलीची खूण, कापायच्या आधी केलेली.

त्यांनी ती उलटून बघितली नाही. तशीच सोबतच्या फायलीत, उरलेल्या प्रिंटशेजारी घातली, खाली आले, ऑटो केली आणि चामराजपेटला गेले. निघताना नागराजनं विचारलं, सापडलं का सर? ते नुसतं सरी, ठीक आहे, म्हणाले आणि निघाले. घरी भाकरी गार झाली त्या रात्री.

दिव्यश्रीनं दार उघडलं. दयानंद आत बसला होता, तो उठला नाही. जयसिंगरावांनी दारातच चपला काढल्या आणि सांगितलं, आपण बसणार नाही, बसायची आपली लायकी नाही. फाईल टेबलावर ठेवली. दिव्यश्रीनं दोन्ही तुकडे काढले आणि कडेला कड लावली. जोड इतका नेमका बसला की रेघ दिसेना.

मग ती म्हणाली, "हे असं नव्हतं."

दयानंद तेव्हा उठून आला. बराच वेळ बघत राहिला. जयसिंगराव त्याला म्हणाले, फोटो चांगला आहे तुझा. फार चांगला आहे. पण ते ज्यानं ऐकायला हवं होतं, ते माणूस आता तिथं नव्हतं. दयानंद फक्त म्हणाला, "सर, आईनं पदर घेतला नव्हता. मीच काढलाय हा फोटो. तिनं घेतला नव्हता."

तोच फोटो त्यांनी बाराव्याला लावला. दुसरा होताच कुठं? अजून त्या भिंतीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, म्हातारीनं लाजून पदर गालावर घेतला असेल. कुणी जवळ जाऊन बघत नाही. घरच्यांना ते आवडतही नाही.

मी बघितलाय. जयसिंगरावांनीच नेलं मला, आणि स्वतः बाहेर रस्त्यावर उभे राहिले. एका बाजूला सावळा गाल, एक डोळा, सरळ तुमच्याकडं बघणारा. खाली गुडघ्यावर दोन हात, एकावर एक, बोटात तांब्याची अंगठी. आणि जोडाच्या पलीकडं गाल नाही. निळा पदर आहे, डोळ्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेला. तो आतून बोटांनी घट्ट धरलाय.

त्या बोटातही तांब्याची अंगठी आहे.