लोकरीचे बूट

दुपारी वारा पडला तसा हाव्रिलो घोड्याची घसरगाडी जुंपून माळापलीकडच्या गंजीवरून गवत आणायला गेला. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या सपाट माळावर युद्ध म्हणजे एवढंच, की जवळच्या गावात विमानशाळा निघाली होती आणि शिकाऊ पोरांची पिवळी विमानं डोक्यावरून वेडीवाकडी जात. "कोंबड्या आत घे, पोरं निघाली," असं हाव्रिलो म्हणायचा आणि त्याची बायको पारास्का हसायची. या हिवाळ्याच्या सुरुवातीला एक विमान शेजाऱ्याच्या कुंपणात पेटलं, तेव्हापासून तिचं हसणं बंद झालं.

तो परतला तेव्हा गाडीतल्या गवतावर बूट ठेवलेले होते. गुडघ्यापर्यंतचे, आतून मेंढीची लोकर.

"घळीत विमान नाक खुपसून पडलंय," तो म्हणाला. "पोरगा बाहेर येऊन टेकून बसलेला. गेलाय."

"श्वास बघितलास?"

"मान लटकली होती, पारास्का. मेलेल्याला बूट कशाला?"

त्याच्या स्वतःच्या बुटांत वर्तमानपत्रं कोंबलेली असायची. पारास्काने ते बूट चुलीजवळ ठेवायला उचलले, आत हात घातला. लोकर अजून कोमट होती.

तिने हात काढून घेतला. बाहेर पुन्हा बर्फ भुरभुरू लागलं होतं. सकाळी कळवू, असं दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

पण ते निघायच्या आधीच, सकाळी, विमान शोधत लष्करी गाडी आली. पोरगा विमानापाशी नव्हता. घळ आणि घर यांच्या मध्यावर पालथा सापडला, हात घराच्या दिशेने. हाडं शाबूत होती. ऑस्ट्रेलियाचा होता, बर्फ त्याने याच वर्षी पहिल्यांदा पाहिलं होतं.

अधिकारी दारात उभा राहिला. "बाई, तो अनवाणी चालला. बूट पाहिलेत कुठे?"

हाव्रिलोने मान खाली घातली. पारास्का म्हणाली, "आम्हाला काही माहीत नाही, साहेब."

दाराआड, तिच्या टाचेला लागून, बूट उभे होते.

त्यानंतर भर दिवसा दार वाजू लागलं. जोरात नाही. अगदी खाली, उंबऱ्यापाशी, जसं कुणी आडवं पडून बोटांनी खाजवावं. उघडलं की पांढरा माळ. पायरीपर्यंत उघड्या पावलांच्या खुणा आलेल्या, परतीच्या नाहीत.

हाव्रिलो जेवेनासा झाला. बोर्श्टच्या, बीटाच्या साराची वाटी पुढे गार व्हायची. एका दुपारी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दुसरा बूट काढताना... त्याने पाय ओढून घेतला होता. थोडासा."

"मग?"

"मग मी जोरात ओढला."

पारास्काला त्याच्याकडे बघवेना. पण त्याला बोल लावायला तिला तोंड कुठे होतं? लोकरीची ऊब तिच्या बोटांना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी तिने बूट पोत्यात घातले आणि एकटीच गाडी हाकत विमानशाळेत गेली. त्याच अधिकाऱ्यापुढे सगळं सांगितलं, ऊबसुद्धा. शिक्षा होईल, निदान शिव्या तरी मिळतील, असं तिला वाटलं होतं. अधिकाऱ्याने पोत्याचं तोंड बांधलं आणि ते टेबलाखाली सरकवलं.

"त्याच्या आईला झोपेतच गेला असं लिहिलंय मी," तो म्हणाला. "जा तुम्ही."

परतताना तिने शाल तोंडावर ओढून घेतली. वाटेत भेटायला कुणीच नव्हतं, तरीही.

घरात चूल लालभडक पेटली होती. चुलीलगतच्या बाकावर घोंगडी अंथरलेली, आणि बाकाच्या पायथ्याशी हाव्रिलो मांडी घालून बसलेला. त्याचे दोन्ही तळवे हवेत काहीतरी धरून चोळत होते, हळूहळू, लहान मुलाला मालीश करावी तसे.

"हाव्रिलो..."

"हळू बोल. मीच दार उघडलं. बराच वेळ बाहेर होता गं तो."

बाक रिकामा होता. तिने त्याचे हात धरले. तळवे मेणासारखे पांढरे, लाकडासारखे कडक झाले होते, थंडीने मेलेले. चुलीच्या इतक्या जवळ.

"एक पाय झाला," हाव्रिलो कुजबुजला. "दुसरा अजून गार आहे म्हणतो... माझ्या हातात आता जोर नाही. तू घे."

पारास्काने दाराकडे पाहिलं. मग शाल बाजूला ठेवली, बाकाशी गुडघे टेकले आणि ओंजळ पुढे केली.

थोड्या वेळाने ओंजळीत वजन आलं.