झाकणं बसेपर्यंत

त्या आठवड्यात तय्यबला रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून जेवण येत होतं. एका घरून माशाचं सालन, दुसऱ्या घरून तांदळाची भाकरी, हमदुल्लाभाईंकडून तर बिर्याणी. आखातातल्या रास अल खैमाच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातच बसून तो डब्यांवर ताव मारायचा आणि म्हणायचा, "काय, बकरी ईदला मलाच कापणार आहात की काय?" कुणी हसायचं नाही. शुक्रवारी नमाजानंतर हमदुल्लाभाईंनी त्याला मशिदीच्या भिंतीच्या सावलीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा त्याला कळलं. गावी त्याची बायको जुलेखा तापानं गेली होती. दफन होऊनही महिना होत आला होता.

कोकणातल्या त्यांच्या गावांची तेव्हा ही रीतच होती. परदेशातल्या माणसाला अशी बातमी थेट कळवायची नाही. तिथल्या वडीलधाऱ्याला कळवायचं. तो बाकीच्यांना सांगणार, सगळे मिळून त्या माणसाला काही दिवस खाऊपिऊ घालणार, आणि मग सांगणार. रीत मायेचीच होती. पण तय्यबच्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच. न मागता जेवण आलं, म्हणजे कुणीतरी गेलं.

ही गोष्ट चौसष्ट सालची. दोन वर्षांनी साजिदा आली. हमदुल्लाभाईंची धाकटी बहीण. आई वारल्यावर तिला गावी एकटीला कुठं ठेवायचं, म्हणून भावानं जैतापूरहून इकडे आणली.

एका सकाळी ती तय्यबच्या दुकानावरून चालली होती. हातात वाटी, वाटीत खजुराचा हलवा. शेजारणीला द्यायचा होता, पण शेजारीण घरी नव्हती. समोर भाईजानच्या ओळखीचा माणूस ट्यूबला ठिगळ लावत बसलेला दिसला, तशी तिनं वाटी त्याच्यापुढे केली.

"घ्या. हलवा आहे."

तय्यबनं वाटीकडे पाहिलं. तो उठला, सायकलवर बसला आणि हातातला पाना तसाच घेऊन थेट हमदुल्लाभाईंच्या कचेरीत गेला.

"भाई, या वेळी एकदम सांगा. कोण गेलं?"

"कोण जाणार? सगळे आहेत. तू आधी बस आणि तो पाना खाली ठेव."

दुसऱ्या दिवशी साजिदा दुकानाच्या दारात उभी राहिली. ओढणीचं टोक दातांत धरलेलं, डोळ्यांत हसू.

"काल माझा हलवा बघून पळालात."

"भूक नव्हती."

"भूक नसलेला माणूस चालत जातो. तुम्ही सायकल घेऊन गेलात."

तय्यबनं खाली मान घालून ट्यूब घासायला घेतली.

मग ती या ना त्या कामानं येऊ लागली. भाईजानच्या सायकलची घंटी वाजत नाही. ब्रेक लागत नाही. एकदा घंटी वाजत होती आणि ब्रेकही लागत होता, तेव्हा ती म्हणाली, "सीट थोडी खाली करता येईल?"

"हमदुल्लाभाईंचे पाय लांब आहेत."

"माझे नाहीत," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

डोंगराच्या बाजूला शहरबानू नावाच्या म्हाताऱ्या, अरबी बोलणाऱ्या विधवेची बाग होती. खजूर, लिंबं, चारी बाजूंनी मातीची भिंत. त्या भिंतीआड साजिदा सायकल शिकली. तय्यब सीट खाली करून द्यायचा आणि हमदुल्लाभाई घरी यायच्या आत पुन्हा वर करून ठेवायचा. शिकवताना तो सायकलच्या मागे धावायचा, कॅरिअरला धरून. तिला त्यानं कधी हात लावला नाही. एकदा वळणावर ती पडली, तेव्हाही त्यानं आधी सायकल उचलली.

"शाबास," ती मातीतूनच म्हणाली. "सायकल कशी आहे? फार लागलं का तिला?"

सदुसष्टचा सप्टेंबर आला. उन्हाळा सरत आला होता, पण हवा अजून ओल्या कपड्यासारखी अंगाला चिकटत होती. शहरबानूच्या बागेत लिंबं पिवळी झाली आणि खजूर शेवटाला आला. दर वर्षी या दिवसांत इथली सगळी कोकणी घरं तिच्या अंगणात जमायची. लिंबाचं लोणचं, लिंबाचा मुरांबा, पाकातला खजूर. सगळं काचेच्या बाटल्यांत हवाबंद करून ठेवायचं. थंडीत बोटीवरच्या पोरांना आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांना तेच पुरायचं.

बाटल्या वर्षभर जमवलेल्या, जॅमच्या आणि कॉफीच्या. तय्यबनं पहाटेपासून तीन खेपा केल्या. एकेक बाटली गोणपाटात गुंडाळून, वाळूतून सायकल हळू चालवत. एकही फुटली नाही. मग तो सावलीत बसला आणि जुन्या सायकलच्या ट्यूब कापून रबराच्या रिंगा करू लागला. झाकणाखाली त्या रिंगा बसवल्या की हवा आत जात नसे. रबराचा वास जावा म्हणून खैरुन्निसाभाभी त्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यायच्या. भाभी म्हणजे हमदुल्लाभाईंची बायको. अंगणात त्यांचं राज्य.

"पातेल्याच्या तळाशी फडकं घाला गं, नाहीतर बाटल्या तडकतील," त्या बायकांना सांगत होत्या. "आणि साजिदा, तू पाक बघ. तय्यब पळून जात नाही."

"हलवा नसला तर नाही जात," साजिदा म्हणाली. बायका हसल्या. तय्यबही हसला, कात्रीकडे बघत.

दुपारी शहरबानूनं खणखणीत आवाजात "यल्ला, यल्ला", चला, चला, करत लिंबांची शेवटची पाटी आणून ओतली. तेव्हाच भाभी शेजारणीला म्हणाल्या, "आज रात्री हे साजिदाला विचारणार. बहरीनचं स्थळ आहे, घर चांगलं आहे. उद्याच्या लाँचनं एक ओळखीचा माणूस चाललाय, त्याच्याबरोबर होकार धाडायचा."

तय्यबच्या हातातली कात्री थांबली. मग पुन्हा चालू लागली.

थोड्या वेळानं साजिदा रिंगा न्यायला आली. एक उचलून तिनं उन्हात धरली.

"ही रिंग आहे की पापड?"

"कात्री बोथट झालीय."

"सकाळी धार लावलीत. मी बघत होते."

"तुम्ही पाक बघायचा होता ना..."

"पाक उतू गेला," ती सहज म्हणाली. मग खाली बसली आणि हलक्या आवाजात बोलली, "ऐकलंत ना भाभी काय म्हणाल्या ते?"

"ऐकलं."

"भाईजान विचारतील. दुसऱ्या कुणी काही विचारलेलं नाही, मग मी नाही तरी कुठल्या तोंडानं म्हणू?"

ती रिंगा घेऊन गेली. ती वाकडी रिंग मात्र तिथंच ठेवून गेली.

दुपार कलली, असरची अजान झाली, तोवर शेवटच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून बाहेर निघाल्या. चटयांवर रांगेनं ठेवल्या. आता फक्त वाट बघायची. बाटली थंड होत गेली की झाकण आत ओढलं जातं आणि 'टक्' असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे झाकण बसलं. त्या वेळी अंगणात कुणी बोलत नसे, झाकणं ऐकायची म्हणून.

भाभी कुजबुजत वाटण्या सांगत होत्या. तय्यबचं नाव आलं तशा म्हणाल्या, "तो घेत नाही. दर वर्षीचंच आहे."

तय्यब उठून विहिरीपाशी हात धुवायला गेला. मागून साजिदा आली.

"का नाही घेत? खरं सांगा."

त्यानं सांगितलं. ते डबे, ती बिर्याणी, मशिदीची भिंत. आडवळण न घेता सांगितलं. तिच्या हातातली वाटी बघून तो कचेरीत कशासाठी धावला, तेही सांगितलं. मागे एक झाकण वाजलं. टक्.

साजिदा विहिरीच्या काठावर टेकली.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणि मी वर्षभर चेष्टा करत राहिले."

"चेष्टा चालू दे. त्यावरच..." तो थांबला.

"त्यावरच काय?"

"दिवस बरा जातो."

टक्. टक्.

"मग असं करू," ती म्हणाली. "मी तुम्हाला कधी काही पाठवणार नाही. हवं ते तुम्ही मागायचं."

"मागितलं तर द्याल?"

"लोणचं असेल तर भाभीला विचारावं लागेल."

"लोणचं नाही." तय्यबनं ओले हात सदऱ्याला पुसले. "उद्याच्या लाँचनं होकार जाऊ नये. तुम्ही इथंच... माझ्या घरी यावं. निकाह करून. असं मला वाटतं. कधीपासून वाटतं."

तिनं खाली पाहिलं. ओढणी नीट होती, तरी पुन्हा नीट केली.

"बहरीनला मी नाही म्हणते," ती म्हणाली. "ते माझं काम. पण एक विचारू? जुलेखाभाभींच्या कबरीवर गेला होतात?"

"नाही."

"तीन वर्षांत एकदाही गावी गेला नाहीत?"

"गेलो असतो तर खरं झालं असतं."

"मग आधी जाऊन या." तिचा आवाज अगदी मऊ होता. "तुमच्यासाठी त्या अजून गेलेल्याच नाहीत. आणि मी घरी आले, तर एका घरात आम्ही दोघी कशा राहू? जाऊन या. मी थांबते."

"गावाकडची सीझनची बोट महिनाभरात आहे..."

"महिनाभर थांबते. जास्त लागलं तर जास्त."

ती वळली आणि थेट अंगणात, नुकत्याच आलेल्या हमदुल्लाभाईंसमोर गेली. तय्यब मागून चालू लागला.

"भाईजान, बहरीनला माझा नकार कळवा."

हमदुल्लाभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तय्यबकडे. शेवटी भिंतीला टेकलेल्या आपल्या सायकलकडे.

"माझी सीट रोज खाली-वर कोण करतं, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" ते शांतपणे म्हणाले. "ठीक. नकार कळवतो. पुढचं ज्याला बोलायचं असेल, त्यानं येऊन बोलावं."

"बोलतो, भाई," तय्यब म्हणाला. "गावी जाऊन आलो की."

हमदुल्लाभाईंनी हळूच मान हलवली. भाभींनी पदर तोंडाला लावला. शहरबानूला काय चाललंय ते शब्दांनी कळलं नव्हतं, तरी ती "खलास, खलास", झालं, झालं, म्हणत हसत होती.

ऊन उतरलं. तय्यबनं बाटल्या गोणपाटात बांधल्या आणि कॅरिअरवर लादल्या. बंदराजवळच्या खोल्यांत पोहोचवायच्या होत्या. फाटकापर्यंत साजिदा सायकलच्या बाजूनं चालत आली. मग तो निघाला, वाळूच्या वाटेनं, सावकाश.

बहरीनचा प्रश्न मिटला होता. जुलेखाच्या कबरीवर फातिहा पढायची अजून राहिली होती.